पाण्याकडे तोंड केलेली पाटी

माणूस हा वाचणारा प्राणी आहे आणि याच एका गोष्टीमुळे तो बाकीच्या प्राण्यांहून श्रेष्ठ ठरतो. हे वाक्य मास्तरांनी शाळेत सतरा वर्षं मुलांना लिहून दिलं आणि सतरा वर्षं तपासलं. पुढे शाळा बंद पडली, मास्तर एका तळ्याकाठच्या रिसॉर्टमध्ये नोकरीला लागले, आणि तिथे ज्या पाटीची व्यवस्था त्यांच्याकडे आली, ती पाटी तीन वर्षं दिवसाउजेडी फक्त मगरींनी पाहिली.

रिसॉर्टमध्ये मास्तरांच्या टेबलावर 'अतिथी-संवाद विभाग' असं लिहिलेलं होतं. विभागात ते एकटेच होते. पाहुण्यांच्या नजरेला जे जे अक्षर पडेल, ते मास्तरांच्या लेखणीतून उतरलेलं असायचं. नळाला गढूळ पाणी आलं की ते 'खनिजयुक्त' व्हायचं. वीज गेली की 'निसर्गाच्या प्रकाशातले काही क्षण'. माकडांनी खिडकीतून हात घालून एका बाईंचा चष्मा पळवला, तेव्हा मास्तरांनी प्रत्येक खोलीत सुबक कार्ड ठेवलं, 'झाडावरचे आमचे शेजारी जरा कुतूहली आहेत.' बाईंनी ते कार्ड वाचायला मागितलं, पण चष्मा नव्हता.

सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांची सख्खी मोठी बहीण मात्र 'बाळ्या' म्हणायची, आणि तीही चारचौघांत. ही ताई सरकारी इस्पितळात परिचारिका म्हणून तीस वर्षं काढून आता रिसॉर्टच्या प्रथमोपचार खोलीत बसत असे. तिच्या दारावर पूर्वी 'प्रथमोपचार' असंच लिहिलेलं होतं. पण त्यामुळे पाहुण्यांच्या मनात नको त्या शंका येतात, असं व्यवस्थापकांचं मत पडलं, म्हणून मास्तरांनी 'स्वास्थ्य-कक्ष' असं सुचवलं. तेव्हापासून आठवड्याला दोघं-तिघं तिथे मालिश करून घ्यायला येत. ताई त्यांना खुर्चीत बसवून धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, एवढंच विचारत असे.

आता पाटीचं.

तळ्यात मगरी होत्या. माहितीपुस्तिकेप्रमाणे शून्य, आणि बागेच्या कामावरच्या काकांच्या मोजणीप्रमाणे अकरा. वन्यजीव खात्याचा नियम असा, की काठावर लोखंडी पाटी हवी, लाल रंगाची, वीतभर उंचीची अक्षरं, आणि मजकूर खातं देईल तोच: 'या तळ्यात मगरी आहेत. पाण्यापासून वीस पावलं लांब राहा.' या मजकुराला हात लावायची मास्तरांना सोय नव्हती. त्यांना तो फार रुक्ष वाटायचा. 'निदान क्रियापद तरी जरा मऊ हवं होतं,' असं ते म्हणत.

एका नवविवाहित पाहुण्याने तक्रार केली, की त्याच्या बायकोच्या सगळ्या फोटोंत तिच्या डोक्यावर 'मगरी आहेत' असं येतं. दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापकांनी मास्तरांना बोलावलं.

"मास्तर, पाटी काढता येत नाही, कारण तपासनीस येतो. आणि पाटी दिसता कामा नये, कारण पाहुणे येतात. बोला आता. भाषा तुमची."

मास्तरांनी एक अख्खी दुपार विचार केला. मग म्हणाले, "साहेब, पाटीचं तोंड फिरवलं तर?"

"म्हणजे?"

"खांब फिरता करायचा. संध्याकाळी सहाला पाटी जमिनीकडे तोंड करून, सकाळी सातला पाण्याकडे. चोवीसातले तेरा तास पाटी नियमाप्रमाणेच! अर्ध्याहून जास्त. तपासनीस आला तर फाटकावरून फोन येतोच, तेवढ्यात एक गिरकी द्यायची. मागची बाजू हिरवी रंगवू, झाडीत मिसळून जाईल."

व्यवस्थापक खुर्चीतून उठले. "सापही मेला आणि काठीही मोडली नाही! मास्तर, तुम्ही शाळेत फुकट गेलात."

खांबाच्या बुडाशी एक भोक पाडलं, त्यात वीतभर लांबीची लोखंडी खिटी. खिटी काढायची, खांब फिरवायचा, खिटी परत घालायची. खिटी कुठल्या बाजूला ठेवायची, असं लोहाराने विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "पाण्याच्या बाजूला ठेवा. पाहुण्यांना दिसायला नको." बारीकसारीक गोष्टींतच माणसाची कलाकुसर दिसते, असा त्यांचा समज होता. आपल्याकडे असे समज असलेली माणसं पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांना बढती मिळते.

पाटी फिरवायचं काम काकांकडे आलं. काका रिसॉर्टच्याही आधीपासूनचे. हे तळं होतं आणि रिसॉर्ट नव्हतं, तेव्हापासून ते इथे जाळी टाकत. पहिल्याच आठवड्यात ते मास्तरांच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, एक बोलू का? रोज त्याच जागी, त्याच वेळेला पाण्याकडे पाठ करून वाकायचं, हे बरं नाही."

"का हो?"

"जनावर एकदा बघतं, दोनदा बघतं. तिसऱ्यांदा ते तुमच्या आधी येऊन बसतं. आमचे वडील पाणी आणायला रोज वेगळ्या जागी जायचे, वेगळ्या वेळेला. तळ्याला आपली वेळ कळू देऊ नये."

मास्तर हसले. "काका, मगरीला घड्याळ कुठलं?"

"म्हणून तर तिला उशीर होत नाही," काका म्हणाले.

हे वाक्य मास्तरांना इतकं आवडलं, की त्यांनी ते वहीत टिपून ठेवलं. पुढेमागे पुस्तिकेत कुठेतरी बसवता येईल म्हणून. वेळ मात्र बदलली नाही. साडेसातला नाश्ता सुरू व्हायचा, आणि नाश्त्याच्या हॉलच्या काचेतून पाटी सरळ दिसायची.

तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. चौथ्या वर्षी, एका शुक्रवारी सकाळी सातला, काका खिटी काढायला वाकले आणि मगरीने त्यांचा डावा पाय धरला.

काकांच्या हातात तेवढी खिटीच होती. त्यांनी ती तिच्या डोळ्यात खुपसली. पाय सुटला, म्हणजे त्यातला जेवढा उरला होता तेवढा सुटला. मग ते कोपरांवर सरपटत लांब आले आणि ओरडले. स्वयंपाक्याला ऐकू गेलं. ताई धावत आली, पट्टा आवळला, रक्त थांबवलं. पुढे तिने मोजून पाहिलं, तर काका बरोबर वीस पावलांवर पडलेले होते. नियम पाळणारा असा माणूस त्या रिसॉर्टमध्ये दुसरा नव्हता.

रुग्णवाहिका आली. पण व्यवस्थापकांनी ती मागच्या फाटकाने, भोंगा बंद करून आणायला लावली, कारण नाश्ता सुरू झाला होता. आणि काकांना तिथपर्यंत नेलं ते चादरी धुवायला नेतात त्या गाडीवरून, वर दोन स्वच्छ चादरी टाकून! वाटेत एका पाहुण्याने ती गाडी थांबवून जादा टॉवेल मागितला.

दहा वाजता व्यवस्थापकांनी मास्तरांना बोलावलं. दार लावून घेतलं.

"फार वाईट झालं, मास्तर. फार वाईट. आता अपघाताच्या नोंदवहीत काय लिहायचं?"

मास्तर म्हणाले, "मगरीने..."

"थांबा. मगर कुणी पाहिली? तुम्ही पाहिली? मी पाहिली?"

"काकांनी पाहिली ना, साहेब."

"काका शुद्धीत आहेत का?" व्यवस्थापकांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "काका गवत कापायचं यंत्र चालवतात. गवत ओलं होतं. पाय घसरला. असं होऊ शकतं की नाही? होऊ शकतं ना? मग तसं लिहा. छान लिहा. तुमच्या हाताला गोडी आहे. आणि ताईंची सही घेऊन या. परिचारिकेची सही लागते."

"आणि उद्याची शर्यत?"

उद्या शनिवार. सकाळी साडेसातला तळ्याच्या काठावर मुलांची कागदी होड्यांची शर्यत ठरली होती. बेचाळीस मुलांची नावं आली होती. फलक मास्तरांनीच लिहिला होता: 'या चिमुकल्यांनो, पाणी तुमची वाट पाहतंय!'

"शर्यतीचं काय?"

"पुढे ढकलू या का?"

"आणि कारण काय सांगणार?" व्यवस्थापकांनी विचारलं.

मास्तरांकडे एरवी प्रत्येक गोष्टीला दोन-दोन कारणं तयार असत. तेव्हा एकही सुचलं नाही. ते आपल्या टेबलावर आले, आणि वाचकहो, सांगायला लाज वाटते, पण त्यांनी लिहिलं. चांगलं लिहिलं. 'बागेच्या सौंदर्यासाठी पहाटेच राबणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यास ओल्या गवतामुळे यंत्रहाताळणीत दुखापत झाली' असं काहीतरी. वाचून पाहिलं तर एक अनुस्वार राहिला होता, तोही त्यांनी दिला. मग कागद घेऊन ते ताईकडे गेले.

ताई हात धूत होती. कोपरापर्यंत, साबण लावून, तिसऱ्यांदा. तिने कागद हातात घेतला नाही. "वाच," म्हणाली.

मास्तरांनी वाचला.

ताईने हात पुसले. टेबलाखालून काकांचा डावा गमबूट काढला आणि मास्तरांच्या कागदावर ठेवला. बुटाला दोन्ही बाजूंनी भोकं होती, अंगठा जाईल एवढाली, ओळीने.

"बाळ्या, मोज."

"ताई..."

"मोज म्हणते ना! लहानपणी पाढे येत होते तुला. या यंत्राला दात किती?"

मास्तरांनी मान खाली घातली. "साहेब म्हणाले की..."

"साहेब म्हणतील. साहेबांचा पाय आहे जागेवर. आत्ताच इस्पितळातून फोन होता. घोट्याच्या वर कापला पाय. काका शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले, माहीत आहे? 'पाटी अर्धवट राहिली, मास्तर रागावतील.' असं बोलले! तुझ्यावर जीव टाकणारी माणसं आहेत रे, आणि तू अनुस्वार देत बसलास."

मास्तर स्टुलावर बसले. "मी काय करू? माझ्या हातात काय आहे? मी शब्द लिहितो फक्त."

"फक्त?" ताईचा आवाज चढला. "मी तीस वर्षं इस्पितळात काढली. तिथे बाटलीवर 'विष' लिहिलेलं असतं. का, तर ती पिऊन कुणी मरू नये म्हणून. तू तिथे असतास तर 'चवीला वेगळं' असं लिहिलं असतंस! माकडांना शेजारी केलंस, मी हसले. माझ्या खोलीचं स्वास्थ्य-कक्ष केलंस, तेव्हाही हसले. माझंही चुकलंच. तेव्हाच कान उपटायला हवा होता. अरे, मगर वाईट नाही. ती तिच्या घरात आहे, तिला भूक लागते, ती तिचं काम चोख करते. या अख्ख्या रिसॉर्टमध्ये दिलेलं काम सोडून भलतंच करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तुझी पाटी. सावध करायला उभी केली आणि सावध कुणाला करते? मगरीला! की बाई, माणसं आली, तयार राहा!"

"ताई, नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे. नोकरी घोट्याच्या वर कापावी लागत नाही."

तिने नोंदवही उघडली, स्वतःच्या अक्षरात दोन शब्द लिहिले, 'मगरीचा चावा', आणि खाली सही केली. साक्षीदाराची ओळ रिकामी ठेवली.

"जा. आधी काठावर जाऊन ये. आणि पाटी कुठे बघतेय ते पाहा. मग ये सही करायला. नाही आलास तर मला ताई म्हणू नकोस."

मास्तर काठावर गेले तेव्हा चार वाजले होते. खिटी तळ्यात गेल्यामुळे खांब सुटा झाला होता. वारा आला की पाटी गिरकी घेई. क्षणभर माणसांना 'मगरी आहेत' म्हणून सांगे, आणि क्षणभर मगरींना. मास्तर पोचले तेव्हा वारा पडला होता आणि पाटी पाण्याकडे तोंड करून उभी होती.

तिच्या हिरव्या पाठीला टेकून एक पाहुणे उभे होते. दातांचे डॉक्टर. बूट काढून ठेवलेले, विजार गुडघ्यापर्यंत वर. त्यांची बायको फोन धरून समोर. आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी अगदी पाण्याच्या कडेला उकिडवी बसून उद्याच्या शर्यतीची होडी सोडून पाहत होती.

"डॉक्टरसाहेब," मास्तर म्हणाले, "जरा मागे याल का? काठापासून थोडं अंतर ठेवलेलं बरं असतं..."

सवय! भाषा आपली मऊच निघाली.

"तुम्हीच बाजूला व्हा, फोटोत येताय," डॉक्टरांची बायको म्हणाली.

"नाही, म्हणजे, इथे कधीकधी... जीवसृष्टी..."

डॉक्टर हसले. "काय, बेडूक?"

"मगर," मास्तर म्हणाले. पण इतक्या हळू, की त्यांनाच जेमतेम ऐकू आलं.

"मगर?" डॉक्टर मोठ्याने हसू लागले. "अहो, धोका असता तर पाटी लावली असती ना! एवढं मोठं रिसॉर्ट आहे, काही जबाबदारी असते की नाही त्यांना?"

आणि त्यांनी आधारासाठी हात मागे नेऊन पाटीवर ठेवला.

सतरा वर्षं मास्तरांनी मुलांना सांगितलं होतं, की वाचणाऱ्याचा लिहिणाऱ्यावर विश्वास असतो. हा तो विश्वास! इथे बूट काढून उभा होता, विजार वर करून. लिहिलेल्यावर तर होताच, न लिहिलेल्यावरही होता. 'धोका' लिहिलं नाही, म्हणजे धोका नाही. डॉक्टरांचं काय चुकलं होतं? काहीही नाही. ज्याने पाटी फिरवायची अक्कल दिली, तो समोर उभा राहून जीवसृष्टी म्हणत होता.

तेवढ्यात त्यांना पाण्यात मुलीच्या होडीपलीकडे दोन फुगवटे दिसले. सुपारीएवढे. त्यातला एक डोळा उघडा होता. दुसरा मिटलेला होता, आणि त्याच्याभोवतीचं पाणी जरा तांबूस.

"मगर!" मास्तर ओरडले. "मगर आहे! पोरीला उचला! मागे! मागे व्हा!"

वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून विशेषणाशिवाय वाक्य बाहेर पडलं. डॉक्टर रागावले. "ओरडता काय असे? मुलगी घाबर..." पण तोवर मास्तरांनीच झेप घेऊन मुलीला दंडाला धरून मागे खेचलं होतं आणि दोघंही चिखलात पालथे पडले होते. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं, आणि मग मात्र ते वीस पावलं कधी ओलांडून गेले ते त्यांनाही कळलं नाही. बूट तिथेच राहिले. कागदाची होडी चार हात पुढे गेली. पाणी एकदा हललं. होडी नव्हती.

मुलगी रडत होती ती होडीसाठी. डॉक्टर म्हणाले, "पाटी... पाटी का नाही लावली?"

पाण्यावरची नजर न काढता, कमरेत न वाकता मास्तर खांबाच्या जमिनीकडच्या बाजूला गेले, दोन्ही हातांनी खांब फिरवला. लाल पाटी डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आली. डॉक्टरांनी ती वाचली, मग पुन्हा वाचली. मग त्यांनी मास्तरांना जी शिवी दिली ती इथे देता येत नाही, पण तिच्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता.

मास्तरांनी गळ्यातला रिसॉर्टचा टाय काढला आणि खांब शेजारच्या झाडाच्या बुंध्याला करकचून बांधून टाकला. टायवर सोनेरी अक्षरांत 'निश्चिंत राहा' असं होतं. तेही त्यांचंच.

पाच वाजता हॉलमध्ये चहासाठी सगळे पाहुणे जमले होते. रोज या वेळी मास्तर माईकवरून दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सांगत. चिखलाने माखलेले मास्तर माईकपाशी आले, तेव्हा लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. काहींनी टाळ्या वाजवल्या.

"उद्याची होड्यांची शर्यत रद्द आहे," मास्तर म्हणाले. "तळ्यात मगरी आहेत. आज सकाळी सात वाजता एका मगरीने बागेतल्या काकांचा पाय तोडला. काका मागच्या फाटकाने गेले, चादरींखालून. तुम्ही तेव्हा नाश्ता करत होता. काठावर पाटी होती. ती तुम्हाला दिसू नये म्हणून पाण्याकडे फिरवलेली होती. ती युक्ती माझी."

व्यवस्थापक मागून धावत आले. "मास्तर! मास्तर, भाषा!" ते दबक्या आवाजात ओरडले, आणि माईकने तेही सगळ्यांना ऐकवलं.

"भाषा झाली, साहेब. खूप झाली!" मास्तर म्हणाले. "पाण्यापासून वीस पावलं लांब राहा. रोज एकाच जागी, एकाच वेळी काठावर जाऊ नका. पाण्याकडे पाठ करून वाकू नका. मुलांचा हात सोडू नका. हे मला काकांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मला ते वाक्य आवडलं. मी ते वहीत लिहून ठेवलं!"

व्यवस्थापकांनी माईकची वायर काढली. मग मास्तरांचा दंड धरून ते कोपऱ्यात म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, मास्तर. कळतं का तुम्हाला?"

"मासा नाही तो," मागून ताई म्हणाली. तिच्या हातात नोंदवही होती. मास्तरांनी साक्षीदाराच्या ओळीवर सही केली. कागदाला चिखल लागला. ताईने तो पुसला नाही.

आता खरं तर पाहुण्यांनी संतापायला हवं होतं. काही संतापले. एक आई दोन्ही मुलांना मिठीत घेऊन रडली. दातांच्या डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटून तक्रार लिहायला कागद मागितला. मास्तरांनी आणून दिला. पण तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक गृहस्थ उठले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "मग दिसते कधी ती? साधारण कितीला यावं?"

सोमवारी तपासनीस आला. ताईने नोंदवही त्याच्या पुढ्यात ठेवली. पुस्तिकेतलं शून्य खोडलं गेलं. खांब काठापासून वीस पावलं मागे आणून काँक्रीटमध्ये पक्का केला. पाटीच्या दोन्ही बाजूंना आता लाल रंग आहे आणि दोन्हीकडे तोच मजकूर. मास्तरांना त्याच आठवड्यात पत्र आलं: 'आपल्या सहप्रवासाचं हे सुंदर वळण आम्ही कृतज्ञतेने स्मरू.' पत्राचा मसुदा त्यांनीच तीन वर्षांपूर्वी तयार केला होता. त्यांनी पत्र दोनदा वाचलं तेव्हा कुठे त्यांना कळलं, की नोकरी गेली. शब्द मऊ केले की माणसाला काय होतं, हे त्यांना त्या दिवशी पुरतं समजलं. व्यवस्थापकांना बढती मिळाली. ते आता त्याच कंपनीच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टवर असतात. तिथल्या पाण्यात काय आहे, हे तिथल्या पाट्यांवरून कळत नाही.

मास्तर आता पुन्हा मुलांना शिकवतात, घरीच. दर रविवारी काकांना भेटायला जातात. पहिल्या रविवारी त्यांनी एक मोठं क्षमेचं भाषण पाठ करून नेलं होतं. काकांनी अर्ध्यावरच थांबवलं. "मास्तर, सरळ सांगा की. चुकलं ना?"

"चुकलं, काका."

"झालं तर. चहा घ्या."

पहिला धडा म्हणून मास्तर आता मुलांना वेगळं वाक्य लिहून देतात, आणि नागरिकहो, ते तुम्ही-आम्हीही लिहून घ्यावं असं आहे. धोका लपवला म्हणून तो कमी होत नाही, फक्त त्याच्या जवळ जाणारी माणसं वाढतात. पाटी फिरवणारे हात काकांचे होते, डोकं मास्तरांचं होतं, हुकूम व्यवस्थापकांचा होता, पण हौस कुणाची होती? आपल्या फोटोत 'मगर' येऊ नये, ही हौस आपली. सुटीच्या दिवशी कुणी आपल्याला खरं सांगू नये, ही मागणी आपली. तेव्हा जिथे जाल तिथे आधी पाटी शोधा. दिसली नाही तर विचारा. उत्तर फार गोड आलं, तर मुलांचा हात धरा आणि मागे व्हा.

काका कृत्रिम पाय लावून कामावर आले. ते आता पाटीपाशी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याला वीस पावलं दाखवतात. एक डोळा मिटलेली मगर अजूनही रोज सकाळी सातला काठावर येते, अर्धा तास थांबते आणि जाते.

पाटीवर पाहुणे ओले टॉवेल वाळत घालतात. दोन्ही बाजूंनी. लोखंड दुपारी चांगलं तापतं, लवकर वाळतात.